डब्यावरचा आकडा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘रंग’ हा विषय सुचवला. रांगोळी, चित्रकला, राजकारण यांवर लिहिणारे पुष्कळ असतात. उमरखेडच्या महामार्गालगतच्या गॅरेजांत दसऱ्याच्या आधी जो रंग लागतो, त्याच्या वाट्याला कोणी फारसं जात नाही. खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालायचा, तर इंजिनही उजळलेलं हवं. मधल्या स्टँडवर उभी केलेली स्प्लेंडर किंवा प्लॅटिना, खाली पसरलेलं वर्तमानपत्र, एका हातात चंदेरी रंगाची डबी, दुसऱ्या हातात केस झडलेला एक इंची ब्रश. अर्ध्या तासात इंजिन नवंकोरं दिसायला लागतं. दिवाळी येईस्तोवर हेडजवळचा रंग पिवळट पडतो, मग तपकिरी होतो, आणि संक्रांतीच्या सुमारास पापुद्रे सुटायला लागतात. पुढच्या खेपेला मालक शहाणा होतो, दुकानात ‘हीटप्रूफ’ मागतो. दुकानदार डब्यावरचा ६०० अंशांचा आकडा बोटाने दाखवतो. पैसे जास्त जातात, आणि काही महिन्यांनी तोही रंग पेट्रोलच्या फडक्याला लागून निघतो. मग निष्कर्ष ठरलेला: इंजिनावर रंग टिकतच नाही, कंपनीचं काम कंपनीच करू जाणे.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चूक रंगापेक्षा निवडीत आहे. मोठा आकडा म्हणजे चांगला रंग, ही समजूतच इंजिनावरचा रंग घालवते. इंजिनाचा जो भाग जितका तापतो, तितक्याच तापाला पक्का होणारा रंग त्या भागाला लागतो. त्याहून जास्त तापाचा रंग तिथे कच्चाच राहतो. हे एकदा पटलं की बाकीचं सगळं, म्हणजे घासणं, धुणं, थर किती द्यायचे, काळा की चंदेरी, आपोआप जागेवर येतं.

सहाशे कशाचे?

साधा ऑइलपेंट जवसाच्या तेलावर किंवा अल्किड रेझिनवर बांधलेला असतो. या बांधणीचा कणा कार्बनच्या साखळ्यांचा. सव्वाशे-दीडशे अंशांच्या वर तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेवटी जळतो. हेडजवळचा तपकिरी डाग म्हणजे हीच भाजणी. उष्णता सोसणाऱ्या रंगात कण्याची जागा सिलिकॉन आणि ऑक्सिजन घेतात. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बराच मजबूत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने या संयुगांवर काम केलं, पण त्यांना व्यवहारात आणलं ते दुसऱ्या महायुद्धाने. विमानांच्या इंजिनांना उंचीवर दगा न देणारी सामग्री हवी होती, आणि १९४३ साली अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी त्यासाठीच उभी राहिली. रंगातलं सिलिकॉन तीनशे-चारशे अंशांपुढे गेलं की त्याला चिकटलेले कार्बनी गट जळून जातात आणि मागे वाळूच्याच जातकुळीचं सिलिकाचं जाळं उरतं. त्यात रंगद्रव्य अडकून राहतं. चंदेरी रंगात हे रंगद्रव्य म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या. काळ्यात लोह, मँगनीज, तांबं यांच्या ऑक्साइडचं मिश्रण. साधी काजळी तिथे चालत नाही, कारण काजळी म्हणजे कार्बनच, ती एवढ्या तापाला जळून जाते.

आपल्याकडे या चंदेरी रंगासाठी भारतीय मानक आहे, आयएस १३१८३, सन १९९१ चं. त्यात तीन प्रती आहेत: पहिली ६०० अंशांपर्यंतची, दुसरी ४०० आणि तिसरी २०० अंशांची. हे मानक मोटरसायकलसाठी केलेलं नाही. धुराडी, बॉयलरची अंगं, वाफेच्या नळ्या अशा कामांसाठी हा रंग असतो. पोफाळीचा वसंत साखर कारखाना याच तालुक्यातला, तेव्हा कारखान्याचं धुराडं इथे कोणाला सांगायला नको. किरकोळ दुकानात मात्र तीन प्रतींचा भेद पोचत नाही, पोचतो फक्त सर्वांत मोठा आकडा. ऑनलाइन मागवलेल्या स्प्रे कॅनवर तर १२०० लिहिलेलं असतं आणि घेणारा खूश होतो. ते फॅरनहाइट असतं, म्हणजे आपले साडेसहाशे. शिवाय घरादाराला लावायचा साधा ॲल्युमिनियम पेंट वेगळाच. त्याचं मानकही वेगळं, आयएस २३३९. दोन्ही डब्यांतला रंग दिसायला सारखाच चंदेरी. दसऱ्याच्या गर्दीत जो लागतो तो बहुधा हा दुसरा.

एकाच इंजिनाचे तीन उन्हाळे

उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. ढाणकी, बिटरगाव, मुळावा, विडूळ इकडून येणारी गाडी जितकी डांबरीवर चालते तितकीच पांदणीवर, मागे युरियाची गोणी किंवा फवारणीचा पंप बांधून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. एवढा ताप म्हणजे इंजिनही सहाशे-आठशेवर जात असणार, असा अंदाज सहज बांधला जातो. तो टिकत नाही. हवेने थंड होणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या इंजिनात प्लगच्या आसपासचा हेडचा भाग चढणीला दीडशे ते दोनशेच्या घरात असतो. सिलिंडरच्या फिन त्याहून थंड. खालचं क्रँककेस, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर हे तर आतल्या ऑइलच्या तापाचे, म्हणजे नव्वद ते सव्वाशेच्या मधले. खरी आग असते ती सायलेंसरच्या बेंड पाइपला. हेडमधून निघाल्यावर पहिल्या वीतभर अंतरात तो जोर पडल्यावर साडेतीनशे ते पाचशेपर्यंत जातो, आणि मागे सायलेंसरच्या शेपटाला पुन्हा दीडशे-दोनशेवर येतो.

यातली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इंजिनाचे ओतीव भाग ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे असतात. हा धातू दोनशे-अडीचशेपुढे मऊ पडू लागतो आणि सहाशेच्या आतच वितळायला लागतो. म्हणजे ज्या दिवशी क्लच कव्हरला सहाशे अंशांच्या रंगाची गरज पडेल, त्या दिवशी रंगवायला क्लच कव्हरच उरलेलं नसेल.

ताप मोजायला हल्ली हजारभरात इन्फ्रारेड बंदूक मिळते. तिच्यातही एक गोम आहे. घासून चकचकीत केलेलं ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण फार कमी सोडतं, त्यामुळे बंदूक खऱ्यापेक्षा खूप कमी आकडा दाखवते, आणि मेकॅनिक म्हणतो, बघा, इंजिन गारच आहे. फिनवर काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका देऊन त्याच ठिपक्यावर बंदूक रोखली तर खरा आकडा कळतो.

वाळला, पण भाजला गेला नाही

आता मूळ मुद्दा. शुद्ध सिलिकॉनचा रंग हवेत नुसता वाळतो, पक्का होत नाही. पक्का व्हायला त्याला सहसा दोनशे ते अडीचशे अंशांवर अर्धा ते एक तास भाजावं लागतं. तोवर तो हाताला कोरडा लागतो, पण पेट्रोलचा थेंब पडला की मऊ होतो, नखाने निघतो. बेंड पाइपवर ही अडचण येत नाही, कारण पाइप स्वतःच दोन-चार फेऱ्यांत रंग भाजून काढतो. क्रँककेसवर मात्र तो जन्मभर कच्चा राहतो, कारण क्रँककेस कधी दोनशेला जातच नाही. वर कार्बोरेटर, खाली गळलेलं पेट्रोल, बाजूला ऑइलचा हात. कच्च्या रंगाला आणखी काय हवं? सहाशेचा रंग इंजिनावर टिकत नाही याचं कारण तो उष्णतेला हरतो हे नाही. त्याला पुरेशी उष्णता मिळतच नाही.

यावर हमखास उत्तर येतं: आमच्याकडे ऊन काय कमी आहे? गाडी मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी केली की सगळं पक्कं होतं. भर उन्हात काळं लोखंड साठ-सत्तर अंशांना पोचतं, हात लावला तर भाजतो, हे खरं. पण साठ आणि दोनशे यांत दीडशेच्या आसपासचं अंतर आहे, आणि ते जास्त वेळ उभं करून भरून निघत नाही. उन्हाने रंगातलं थिनर उडून जातं, एवढाच त्याचा उपयोग. तोही दुधारी. तापलेल्या धातूवर फवारा मारला की थेंब पसरण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सावलीत करावं, भर पावसाळ्यात करूच नये, कारण दमट हवेत रंगाखाली ओल अडकते.

मग इंजिनाला लावायचं काय? हेड, सिलिंडर आणि कव्हरांसाठी ‘इंजिन एनॅमल’ नावाने मिळणारा, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंतचा रंग. आकडा लहान, किंमतही बहुधा कमी, पण तो शंभराच्या आसपासच्या तापालाही पक्का होतो आणि पेट्रोल-ऑइलला दाद देत नाही. नुसत्या कव्हरांसाठी डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे असतो तो हार्डनर घातलेला दोन डब्यांचा पीयू रंगही चालतो. शंभर-सव्वाशेपर्यंत तो धरतो. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क हवा. सहाशेचा रंग बेंड पाइप आणि सायलेंसरसाठी राखून ठेवावा. एका गाडीला दोन डबे लागतात, हे ऐकून मालकाचं तोंड वाकडं होतं. पण एक डबा दरवर्षी लागण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

गॅरेजमध्ये भट्टी कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर कामाच्या वेळेत आहे. बोअर-पिस्टन किंवा क्लच प्लेटसाठी इंजिन खोललेलंच असतं, तेव्हा कव्हरं सुटी असतात. पावडर कोटिंगवाल्यांच्या भट्ट्या एकशे ऐंशी ते दोनशे अंशांना चालतात, आणि नांदेडला स्पेअर पार्टसाठी फेरी होतेच. मात्र भट्टीत टाकण्याआधी ऑइल सील, रबरी रिंगा, मॅग्नेट कव्हरमधली कॉइल हे सगळं काढलेलं हवं. ते तेवढा ताप सोसत नाही. भट्टी जमलीच नाही तर इंजिन एनॅमल गाडीच्याच तापावर भाजता येतो: रंग रात्रभर वाळू द्यायचा, मग गाडी दहा मिनिटं जागेवर चालवून पूर्ण थंड करायची, नंतर वीस मिनिटं, मग लांबची फेरी. पहिल्या वेळी थोडा धूर येतो, वास येतो, मालक घाबरून पाणी ओततो. पाणी ओतू नये, एवढंच.

डिझेलची चमक

रंगाची निवड बरोबर झाली तरी अर्धं काम बाकी असतं. वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की शेवटी इंजिनावर डिझेलचा फवारा मारायची पद्धत सगळीकडे आहे. इंजिन काळंभोर चमकतं, मालक खूश. त्या चमकेचा अर्थ इंजिनभर तेलाचा थर बसलाय असा होतो. त्यावर धूळ चिकटते, रबर फुगतं, आणि वर्षानुवर्षं असं झालेल्या इंजिनाच्या ओतीव अंगात तेल इतकं मुरतं की एकदा पुसून ते जात नाही. गाडी जराशी तापली की आतून पुन्हा घाम फुटल्यासारखं वर येतं. रंग कितीही महाग घ्या, त्याला पकडायला धातू मिळत नाही, मिळतं ते डिझेल.

हे काढायचं तर आधी रॉकेल किंवा डीग्रीजरने घासून धुणं, मग साबणाच्या पाण्याने, मग इंजिन गरम करून पुन्हा एकदा थिनरने. शेवटच्या पुसण्याला फडकं पांढरं हवं, म्हणजे ते पांढरं राहिलं का हे दिसतं. इथे दोन गैरसमज फार महागात पडतात. एक, कॉस्टिक सोडा. भांड्यांचा चिकटपणा तो काढतो म्हणून इंजिनावरही वापरला जातो; तो ॲल्युमिनियम अक्षरशः खातो, फेस येतो आणि पृष्ठभाग काळा पडतो. दुसरा, संडास साफ करायचं ॲसिड. त्याने इंजिन क्षणभर चांदीसारखं लखलखतं खरं, पण फटींत उरलेला अंश पुढे महिनोन्महिने पांढरी भुकटी करत राहतो. ती भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, जुन्या रंगाखाली फोडासारखी फुगलेली दिसते, तेव्हा वरून रंग देऊन काही होत नाही. तिथला रंग धातूपर्यंत खरवडावा लागतो.

घासायला लोखंडी वायर ब्रशपेक्षा पितळी ब्रश आणि पॉलिश पेपर बरा; लोखंडी ब्रशचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर गंजाचे ठिपके दिसतात. पत्र्याच्या कामात सवयीने भरली जाते ती लांबी इंजिनावर अजिबात चालत नाही, तापाला ती तडकून बाहेर येते. साधा प्रायमरही नाही. डब्यावर स्पष्ट सांगितलं असेल तरच उष्णतेचा प्रायमर. घासून झाल्यावर रंग त्याच दिवशी द्यावा, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसायला वेळ लागत नाही.

आणि ब्रश नको. फिनांच्या मधे ब्रशने दिलेला रंग ओघळून मुळाशी साचतो, तिथे जाड थर होतो, आतलं थिनर बाहेर पडायच्या आत वरचं कवच सुकतं आणि पहिल्याच तापाला फोड येतात. एका हाताला सुकलेला थर वीस-पंचवीस मायक्रॉनचा असावा, असे दोन हात पुरेत. स्प्रे गन असेल तर उत्तम, नाही तर कॅन: आधी फिनांच्या फटींत तिरका फवारा, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी; कडांना शेवटी. झाकण्याच्या घाईत पहिलाच हात दाट मारला जातो. पहिला हात इतका विरळ हवा की खालचा धातू डोकावत राहील.

काळ्या रंगाने इंजिन तापतं का?

जाणकार आक्षेप घेतात तो इथे. रंग म्हणजे इंजिनावर पांघरूण, उष्णता आत कोंडणार. आणि काळा असेल तर विदर्भाचं ऊनही शोषून घेणार. दोन्ही आक्षेप आकड्यांनी तपासता येतात. लिटरला साठ किलोमीटर देणारी गाडी ताशी पन्नासने चालली तर तासाला पाऊण लिटरच्या किंचित वर पेट्रोल जाळते. त्यातून निघणारी ऊर्जा साधारण सात किलोवॉटची. ढोबळ हिशेबाने यातला तिसरा हिस्सा फिनांमधून हवेत जातो, म्हणजे दोन किलोवॉटच्या वर. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला एक किलोवॉट; टाकीच्या सावलीत दडलेल्या इंजिनाचा उन्हाला सापडणारा भाग त्याचा दहावा हिस्साही नसतो. म्हणजे उन्हाचे शंभर वॉट आणि पेट्रोलचे दोन हजार. काळ्या-पांढऱ्याचा वाद यात बुडून जातो.

पांघरुणाचं म्हणाल तर, पन्नास मायक्रॉनचा थर उष्णतेला जो अडथळा करतो तो धातूवरून हवेत जाताना होणाऱ्या अडथळ्याच्या एक-दोन टक्के भरतो. उलट काळा मॅट रंग उष्णतेचे किरण उघड्या ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त सोडतो. चालत्या गाडीत वारा सगळं काम करतो, तेव्हा त्याचा फायदा नगण्य. पांदणीवर गाडी कासवगतीने चालते तेव्हा थोडा दिसतो, तोही बाहेरच्या कडांपुरता, कारण आतल्या फिन एकमेकींकडेच किरण टाकत बसतात. फायदा सांगून काळा रंग विकणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये, आणि तोटा सांगणाऱ्यावरही.

खरी वाकळ निराळी आहे, आणि ती इथल्या मातीची आहे. काळ्या रानातला चिखल फिनांत बसतो, त्यात गळकं ऑइल मुरतं, उन्हाने तो वाळून दगडासारखा होतो. दोन मिलिमीटरच्या अशा थराचा अडथळा हवेच्या अडथळ्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. शिवाय फटीच बुजल्या तर वारा आत शिरतच नाही. म्हणजे रंगकामाचा इंजिनाला सर्वांत मोठा फायदा त्याच्या आधीच्या धुण्यात मिळून जातो.

हे मान्य केलं की शेवटचा आणि सर्वांत बळकट आक्षेप समोर येतो: मग रंगवायचंच कशाला? जुन्या गाड्यांच्या उघड्या ॲल्युमिनियमच्या फिन वर्षानुवर्षं धड आहेत. हा आक्षेप मला अर्धा पटतो. ज्या इंजिनाचा धातू उघडा आणि निरोगी आहे, त्याला स्वच्छ ठेवावं, रंगाच्या फंदात पडू नये. पण कारखान्यातूनच काळं रंगवलेलं इंजिन एकदा पापुद्रे टाकू लागलं की कडेखाली ओल साठते. खताच्या गोण्यांतून सांडणाऱ्या क्षारांनी ती जागा भराभर खाल्ली जाते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं सिलिंडर आणि कोणत्याही गाडीचा लोखंडी सायलेंसर यांना तर पर्यायच नाही. लोखंड उघडं पडलं की गंजणारच.

टेप कुठे लावायचा

रंगाइतकंच महत्त्व न रंगवायच्या जागांना आहे. पॅकिंग बसतं त्या कडा, प्लगची बैठक, ब्रीदरचं भोक, ऑइल सीलच्या ओठांची जागा यांवर टेप. अर्थिंगची वायर जिथे इंजिनाला कसली जाते तिथे रंग बसला तर वीज अडते. मग स्टार्टर कुरकुरतो, इंडिकेटर मंद जळतात आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत एक्झॉस्टच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो; तो काढून ठेवावा किंवा नीट झाकावा, त्याच्या अंगावर रंग उडू देऊ नये.

राहिला इंजिन नंबर. तो क्रँककेसवर ठोकलेला असतो, अक्षरांची खोली फार नसते, आणि दोन-तीन दसऱ्यांचा ब्रशचा रंग त्यात भरला की नुसता उंचवटा उरतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना किंवा गाडी विकताना एमएच २९ च्या पासिंगला हाच नंबर कागदाशी जुळवून पाहिला जातो. न वाचता येणारा नंबर म्हणजे खोडलेला नंबर, अशी शंका घेतली तर अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. तिथे नंतर थिनरचा बोळा फिरवू, असं पुष्कळदा ठरतं. ऑइलपेंट त्याने निघतो. नीट निवडलेला, नीट भाजलेला रंग मात्र थिनरने निघत नाही, तेव्हा नंबरावरचा टेप पहिला फवारा मारायच्या आत लागलेला हवा.